ग्लो प्लगमधला हम्फ्री डेव्ही

मागच्या वर्षी आमच्या विंगमधल्या एका सिनियरने पासआऊट होताना त्याची रिमोटवर चालणारी नायट्रो गाडी मला अर्ध्या किमतीत विकली. गाडी कसली, डबाच होता तो. पण इंजिन शाबूत होतं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा. मेकॅनिकलच्या पोरांसमोर अब्रू जाऊ नये म्हणून आधी एकट्यानेच रूमवर इंजिन खोललं. (रेक्टर सरांनी हा परिच्छेद वाचू नये, ही विनंती.)

इंजिन ०.२१ घन इंचाचं, म्हणजे साधारण ३.५ सीसी. मुठीत मावेल एवढं. वर पट्ट्यापट्ट्यांचं ॲल्युमिनियमचं कूलिंग हेड, त्याखाली हेड बटण, त्याखाली स्लीव्ह आणि पिस्टन. पिस्टनला रिंगच नाही! मला वाटलं सिनियरने हरवली. मग कळलं की ज्याला एबीसी इंजिन म्हणतात ते हेच: ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह आणि तिला आतून क्रोमचा मुलामा. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, त्यामुळे थंड इंजिनात पिस्टन वर जाताना अडकल्यासारखा होतो. याला पिंच म्हणतात. इंजिन तापलं की पितळ जरा जास्त प्रसरण पावतं आणि सगळं बरोबर बसतं. क्रँकशाफ्ट पोकळ, त्याला एक खिडकी. कार्बुरेटरमधून येणारं मिश्रण त्या खिडकीतून क्रँककेसमध्ये जातं, म्हणजे शाफ्ट हाच व्हॉल्व्ह. कार्बुरेटरवर दोन सुया, हाय स्पीड नीडल आणि लो स्पीड नीडल. आत फिरवली की मिश्रण लीन, बाहेर काढली की रिच.

हे सगळं दोन संध्याकाळींत डोक्यात शिरलं. शिरला नाही तो ग्लो प्लग. दिसायला स्पार्क प्लगचा धाकटा भाऊ, पण ठिणगी पाडत नाही. आत केसासारख्या तारेचं एक वेटोळं असतं. इग्नायटर नावाची दीड व्होल्टची दांडी वर बसवली की ते लाल होतं, पुल स्टार्टची दोरी ओढली की इंजिन धडधडतं. मग इग्नायटर चक्क काढून घ्यायचा, तरी इंजिन चालूच! सप्लाय काढल्यावर चालणारं सर्किट म्हणजे आमच्या ब्रँचच्या माणसाला भानामतीच. थर्मो शिकवणाऱ्या सरांना गाठलं, तर त्यांनी उत्तर न देता लायब्ररीतून डेव्हीचं चरित्र वाचायला सांगितलं. सबमिशनच्या आठवड्यात मी ते वाचत बसलो, जर्नल तशीच राहिली, पण त्याचं आता काय!

हम्फ्री डेव्ही १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स गावी जन्मला. पाच भावंडांत थोरला. वडील लाकडावर कोरीवकाम करणारे. ते १७९४ मध्ये कर्ज मागे ठेवून वारले. पुढच्या वर्षी हा गावातल्या एका सर्जनकडे शिकाऊ म्हणून लागला. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधीच चढला नाही. १७९८ मध्ये ब्रिस्टलला डॉक्टर बेडोज यांच्या संस्थेत काम मिळालं. तिथे वायू हुंगवून रोग बरे करण्याची खटपट चालायची. डेव्हीने १७९९ मध्ये नायट्रस ऑक्साइड स्वतःच हुंगून पाहिला, मग पुन्हा पुन्हा हुंगला. त्याने वेदना कमी होते हे त्याच्या लक्षात आलं, आणि शस्त्रक्रियेत तो उपयोगी पडेल असं त्याने १८०० च्या पुस्तकात लिहिलंसुद्धा. पण भूल म्हणून तो वापरायला १८४४ उजाडलं. मधली चव्वेचाळीस वर्षं लोक ऑपरेशन टेबलावर किंचाळत राहिले. हे वाचून मी पुस्तक जरा वेळ मिटून ठेवलं होतं.

सिनेमातल्या रेसमध्ये हिरो बटण दाबतो ती बाटली याच वायूची. आमच्या गाडीतलं नायट्रो वेगळं. ते नायट्रोमिथेन, मिथेनॉल आणि तेलाबरोबर मिसळलेलं. दोघांचं काम मात्र सारखंच, येताना स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येणं. १ किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७. म्हणून तेवढ्याच सिलिंडरात जास्त इंधन जाळता येतं.

१८०१ मध्ये डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेला आणि बघता बघता गाजला. त्याच्या व्याख्यानांना अख्खं लंडन लोटायचं. १८०७ मध्ये त्याने विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले, १८०८ मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम. पिरिऑडिक टेबलच्या डाव्या कडेने आपल्याला छळलं, त्यात याचा हात मोठा! १८१२ मध्ये सर झाला, श्रीमंत विधवेशी लग्न केलं, आणि त्याच वर्षी नायट्रोजन ट्रायक्लोराइडचा स्फोट होऊन डोळ्याला इजा झाली. तेव्हा लिहून घ्यायला जो मदतनीस मिळाला तो एक बुकबाइंडरकडचा उमेदवार होता. त्याचं नाव मायकेल फॅरेडे. १८१३ मध्ये डेव्हीने त्याला नोकरीवर लावून घेतलं.

मे १८१२ मध्ये न्यूकॅसलजवळच्या फेलिंग खाणीत मिथेनचा स्फोट होऊन ९२ जण मेले. त्यांत लहान मुलंही होती. उजेडासाठी उघडी ज्योत, आणि भोवती तोच वायू. १८१५ मध्ये डेव्ही स्वतः त्या भागातल्या खाणी पाहून आला आणि काही महिन्यांतच त्याने दिवा तयार केला. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी, एका चौरस इंचात ७८४ छिद्रं. धातू उष्णता ओढून घेतो, त्यामुळे बाहेरचा वायू पेट घेण्याइतका तापतच नाही. पेटंट त्याने घेतलं नाही. खाणकामगारांच्या जिवावर पैसा नको, असा त्याचा हिशेब.

पण वायू फार झाला की दिवा विझायचा आणि खालचा माणूस अंधारात चाचपडायचा. यावर उपाय शोधताना, जानेवारी १८१७ मध्ये, डेव्हीने एक चमत्कार रॉयल सोसायटीपुढे मांडला. तापवलेली प्लॅटिनमची बारीक तार वायू आणि हवेच्या मिश्रणात धरली, तर ज्योत नसतानाही ती तांबडीलाल राहते. तारेच्या पृष्ठभागावर वायूचा ऑक्सिजनशी संयोग होतो, त्याचीच उष्णता तारेला तापती ठेवते. तांबं, चांदी, सोनं, लोखंड सगळं लावून झालं. जमलं ते फक्त प्लॅटिनम आणि पॅलेडियमला. मग त्याने प्लॅटिनमचं वेटोळं दिव्यात ज्योतीच्या वर टांगलं. ज्योत विझली तरी ते लुकलुकत राही.

हाच माझा ग्लो प्लग! दिव्यातल्या वायूच्या जागी मिथेनॉलची वाफ, बाकी सगळं तेच. दर फेरीत पिस्टन मिश्रण दाबून तापवतो, तार स्वतःच्या रासायनिक क्रियेने धगधगत असते, दोन्ही मिळून पेट घेतात. या क्रियेला कॅटॅलिसिस हे नाव बर्झेलियसने १८३५ मध्ये दिलं, आणि अमेरिकेत रे आर्डेनने छोट्या इंजिनांसाठी ग्लो प्लग बाजारात आणला तो १९४७ मध्ये.

पुढचं वाचताना मात्र मन खट्टू झालं. त्याच १८१५ मध्ये जॉर्ज स्टीफन्सन नावाच्या खाणीवरच्या इंजिन मेकॅनिकनेही स्वतंत्रपणे सुरक्षित दिवा बनवला होता. शाळा न शिकलेल्या माणसाला हे सुचलं असेल यावर डेव्हीचा विश्वासच बसेना. त्याने चोरीचा आळ घेतला. पेन्झान्सच्या सर्जनकडे बाटल्या भरणाऱ्या पोराने दुसऱ्याला असं म्हणावं? खाणमालकांनी डेव्हीला चांदीची भांडी दिली, तर स्टीफन्सनच्या पाठीराख्यांनी त्याला वेगळे १००० पौंड. आणि मालकांनी काय केलं? दिवा आहे म्हणून वायूने भरलेले, सोडून दिलेले भाग पुन्हा खणायला घेतले. स्फोट काही थांबले नाहीत.

१८२० मध्ये डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला गंजण्यापासून वाचवायला त्याने जस्त-लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं वाचलं, पण पत्र्यावर शेवाळ आणि शिंपले चिकटून जहाजं मंदावली. हसं झालं. १८२४ मध्ये फॅरेडेची सोसायटीवर निवड व्हायची होती, तेव्हा विरोध केला तो याच डेव्हीने. फॅरेडे तरीही निवडून आला. पुढे डेव्हीला पक्षाघाताचा झटका आला, त्याने अध्यक्षपद सोडलं, आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात तो गेला. वय अवघं पन्नास. त्याला पुरलंही तिथेच.

गेल्या महिन्यात मी शहाणपणा करून हाय स्पीड नीडल पाव फेरा जास्त आत फिरवली. इंजिन लीन झालं, तापलं, किंचाळलं आणि बंद पडलं. प्लग काढून पाहिला तर वेटोळं वितळून तुटलेलं. ते टोक आता माझ्या कंपास बॉक्समध्ये आहे. नवा प्लग मागवलाय. तोवर गाडी पलंगाखाली. बघायची असेल त्याने खुशाल रूमवर यावं, फक्त मेकॅनिकलवाल्यांनी नीडलला हात लावू नये.