भूल उतरल्यानंतरची मळमळ आणि डॉ. जॉन स्नो

शस्त्रक्रिया नीट पार पडते, टाके व्यवस्थित बसतात, पण भूल उतरताच रुग्णाला मळमळू लागते आणि उलट्या सुरू होतात. ही तक्रार भूलशास्त्राइतकीच जुनी आहे. तिची बारकाईने नोंद करणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक म्हणजे जॉन स्नो. लंडनमधील कॉलऱ्याचे मूळ दूषित पाण्यात शोधणारे म्हणून ते आपल्याला माहीत आहेत, पण त्यांचा रोजचा व्यवसाय होता भूल देण्याचा.

स्नो यांचा जन्म 15 मार्च 1813 रोजी इंग्लंडमधील यॉर्क शहरात एका कष्टकरी कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते थोरले. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलला एका डॉक्टरांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून राहिले. 1836 मध्ये पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले आणि 1844 मध्ये एम.डी. झाले. ते अविवाहित होते, राहणी साधी होती आणि तरुणपणीच त्यांनी मांसाहार व मद्य सोडले होते.

ऑक्टोबर 1846 मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया गाजली. दोनच महिन्यांत ईथर लंडनला पोहोचले. मात्र ते देण्याची पद्धत अंदाजपंचे होती. कुणाला कमी पडे, तर कुणाला जास्त होई. तापमान बदलले की ईथरच्या वाफेचे प्रमाण बदलते हे ओळखून स्नो यांनी ते नियंत्रित करणारे उपकरण तयार केले. भुलेच्या पाच पायऱ्या सांगणारे त्यांचे पुस्तक 1847 मध्येच आले. त्याच वर्षाअखेरीस क्लोरोफॉर्मचा वापर सुरू झाला आणि जानेवारी 1848 मध्ये पायाच्या नखाच्या साध्या शस्त्रक्रियेवेळी एका पंधरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. अशा मृत्यूंमागे वाफेचे अति प्रमाण असते, असे स्नो यांनी मांडले. मोजून मापून भूल देणारा डॉक्टर म्हणून त्यांचे नाव झाले. 1853 आणि 1857 मध्ये राणी व्हिक्टोरिया यांना प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देण्यासाठी त्यांनाच बोलावण्यात आले. दरम्यान 1854 मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे प्रकरण घडले.

प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवण्याची त्यांना सवय होती. कोणती शस्त्रक्रिया, भूल कशी चढली, उलटी झाली का, हे सारे ते लिहीत. त्यातून काही गोष्टी त्यांच्या लक्षात आल्या. पोट भरलेले असेल तर उलटीची शक्यता वाढते. त्यामुळे शस्त्रक्रियेची उत्तम वेळ न्याहारीपूर्वीची आणि ते शक्य नसेल तर आधीचे खाणे हलके असावे, असा त्यांचा सल्ला होता. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लगेच हलवले तर उलट्या होतात, हेही त्यांनी नोंदवले. औषध म्हणून मात्र त्यांच्या हाती वाइन आणि अफू एवढेच होते. 10 जून 1858 रोजी क्लोरोफॉर्मवरील ग्रंथ लिहीत असतानाच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. 16 जूनला वयाच्या 45व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

गंमत अशी की ज्या अफूचा त्यांनी उपाय म्हणून वापर केला, त्याच गटातील मॉर्फिनसारखी वेदनाशामके उलट्यांचे एक कारण आहेत, हे आज आपण जाणतो. त्यांची निरीक्षणे मात्र टिकली. आज ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी साधारणपणे हलके खाणे सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद करतात. भुलेत उलटी श्वासनलिकेत जाऊ नये, हे त्यामागचे मुख्य कारण.

प्रतिबंध न केल्यास शस्त्रक्रियेनंतर साधारण दहापैकी तिघांना हा त्रास होतो. स्त्रिया, धूम्रपान न करणारे, गाडी लागणारे किंवा आधीच्या शस्त्रक्रियेनंतर उलट्या झालेले आणि नंतर अफूवर्गीय वेदनाशामके लागणारे, यांना धोका जास्त. हे चारही घटक एकत्र आले तर तो 80 टक्क्यांपर्यंत जातो. अशा रुग्णांना भूलतज्ज्ञ सहसा एकापेक्षा अधिक औषधे देतात. डेक्सामेथासोन भुलेच्या सुरुवातीला, तर ऑन्डान्सेट्रॉन शस्त्रक्रिया संपत आली असताना. दोन्हींचे मार्ग वेगळे असल्याने परिणामात भर पडते. वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉलची भूल दिल्यानेही त्रास कमी होतो.

हे सारे ठरते ते रुग्णाने दिलेल्या माहितीवर. घाटात गाडी लागते, मागच्या वेळी उलट्या झाल्या होत्या, या गोष्टी आपल्याला किरकोळ वाटतात. भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा त्या आवर्जून सांगा. आणि थोडेसे खाल्ले असेल, तर तेही लपवू नका.