रमाबाई रानडे आणि पंडिता रमाबाई

आज सांगली जिल्ह्यांत असलेलें देवराष्ट्रें हें खेडें पूर्वीं आपल्या सातारा जिल्ह्यांत मोडत असे. तेथील कुर्लेकर घराण्यांत ता. २५ जानेवारी १८६२ रोजीं रमाबाई रानडे यांचा जन्म झाला. माहेरीं मुलींस अक्षरओळख करून देण्याची चाल नव्हती. १८७३ सालीं त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशीं झाला, व पतीनें लागलीच त्यांचें शिक्षण आरंभिलें. पतीची शिकविण्याची जितकी उत्कंठा, तितकाच घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस त्या शिक्षणाचा तिटकारा. दिवसा टोमणे सोसावे आणि रात्रीं धडा घ्यावा, असा क्रम कित्येक वर्षें चालला. गुरु लाभला होता. परंतु जिच्यापाशीं मन मोकळें करावें अशी शिकलेली सखी घरांत कोठून असणार?

१८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. त्यांचें वय अवघें चोवीस वर्षांचें. आईबाप व भाऊ पूर्वींच गेलेले, त्याच वर्षीं वैधव्य आलेलें, आणि पदरीं मनोरमा नांवाची लहान कन्या. संस्कृत विद्येंत मात्र कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांस मान दिलेला! त्यांनीं पुण्यांत आर्य महिला समाज स्थापिला. रमाबाई रानडे त्याच्या सभांस नियमानें जाऊं लागल्या व घरच्या रोषास अधिकच पात्र झाल्या. मिस हरफर्ड या बाई दोघींनाही इंग्रजी शिकवीत. परधर्मीय बाईंजवळ बसून धडा घेतल्यावर रमाबाईंस स्नान केल्यावांचून घरांत कशासही शिवतां येत नसे. आजच्या विद्यार्थिनीस ही गोष्ट क्षुल्लक वाटेल; तिनें थंडीच्या दिवसांत महिनाभर तसें करून पाहावें! अशा स्थितींत, एक समवयस्क विदुषी आपणांबरोबर शिकत आहे, एवढ्यानेंच केवढा धीर येत असेल!

हा सहवास फार टिकला नाहीं. १८८३ सालीं पंडिताबाई इंग्लंडास गेल्या व तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यांतील पुष्कळ चाहते दुरावले. पुढें १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन उघडलें व तें पुण्यास आणिलें; परंतु १८९३ सालीं तेथील मुलींच्या धर्मशिक्षणावरून वाद माजून रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचा त्याग केला. दोन्ही बाजूंस सज्जनच होते, म्हणून हा प्रसंग अधिक दुःखद वाटतो. पतीचा निर्णय एकीकडे व जुन्या स्नेहाची आठवण दुसरीकडे, अशी रमाबाईंची अवस्था झाली असली पाहिजे.

तथापि पंडिताबाईंनीं लाविलेलें रोप त्यांनीं वाळूं दिलें नाहीं. आर्य महिला समाजाचें काम त्यांनीं चालविलें. १९०१ सालीं वैधव्य आल्यावर १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन उभें केलें. तेथें विधवा व प्रौढ स्त्रिया लिहिणें-वाचणें, शिवणकाम व रोग्यांची शुश्रूषा शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहूं लागल्या. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकांत पंडिताबाईंचें नांव त्यांनीं गाळलें नाहीं, आदरानेंच घेतलें. नांव गाळणें तेव्हां सोपें होतें.

पंडिताबाई ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें निवर्तल्या. रमाबाईंचें देहावसान दोन वर्षांनीं, १९२४ च्या एप्रिल महिन्यांतच, झालें.