भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब (२४ ऑक्टोबर १८६८ – १३ एप्रिल १९५१) हे औंध संस्थानचे अखेरचे सत्ताधीश, चित्रकार आणि सूर्यनमस्कारांचे प्रचारक होते. स्वतःची सत्ता संविधानाने मर्यादित करणारे संस्थानिक म्हणून ते ओळखले जातात.

== कारकीर्द ==
ते १९०९ मध्ये गादीवर आले. औंध हे ७२ गावांचे, विखुरलेल्या मुलखाचे संस्थान होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कारखान्यासाठी जागा दिली. तेथे किर्लोस्करवाडी वसली. १९३५ मध्ये इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

== औंधचे संविधान ==
संस्थानांतील प्रजापरिषदा जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करीत असताना भवानरावांनी पुत्र अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने आणि महात्मा गांधींच्या सल्ल्याने संविधान तयार करविले. ते २१ जानेवारी १९३९ रोजी अमलात आले. ग्रामपंचायत हा त्याचा पाया होता. पंचायतींतून तालुका समित्या व त्यांवर विधिमंडळ अशी रचना होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहतही याच काळात वसविण्यात आली.

== बेचाळीसची चळवळ आणि राजसत्ता ==
१९४२ च्या चले जाव आंदोलनानंतर सातारा जिल्ह्यात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे एक प्रमुख केंद्र कुंडल औंध संस्थानातच होते. तेथे तुफान सेना स्थापन झाली. प्रतिसरकार गावोगावी न्यायनिवाडे करू लागले. त्यामुळे राजाने दिलेल्या पंचायतींच्या शेजारीच, राजाच्या संमतीवर अवलंबून नसलेली दुसरी लोकसत्ता उभी राहिली. संविधानाने राजाचे अधिकार प्रजेकडे गेले होते. परंतु संस्थानावरील सार्वभौमत्व इंग्रजांकडेच होते आणि चळवळीचा रोख त्या सार्वभौमत्वावरच होता. ते १९४७ मध्ये संपल्यावर मर्यादित राजसत्तेलाही आधार उरला नाही.

३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात दंगली उसळून अनेक ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळण्यात आली. या अस्वस्थ वातावरणातच ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. राजपदाबरोबर नऊ वर्षांचे संविधानही संपुष्टात आले.

== वारसा ==
त्यांनी उभारलेले श्री भवानी संग्रहालय औंध येथे आहे. ग्रामपंचायतीला राज्यकारभाराचा पाया मानणारा औंधचा प्रयोग पंचायत राज्याच्या अभ्यासात आजही महत्त्वाचा मानला जातो.