मजूरमंत्री बाबासाहेब आणि विजेचे जाळे

महाडचा सत्याग्रह, पुणे करार, संविधानाची निर्मिती आणि नागपूरची धम्मदीक्षा ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील पर्वे आपल्या घराघरांत मुखोद्गत आहेत. 1942 ते 1946 या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, हेही पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्या खात्याकडे कामगारांच्या प्रश्नांबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही सोपविलेले होते. व्याख्यानांतून हा भाग एका वाक्यात उरकला जातो. इतिहासाचे अभ्यासक या नात्याने आम्हास तो एका वाक्याचा वाटत नाही.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. परळच्या चाळीतील एका खोलीत, घरातील माणसे निजलेली असताना मध्यरात्रीनंतर उठून ते दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात अभ्यास करीत, असे चरित्रकार सांगतात. पुढे 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला गेले. विजेने उजळलेली आणि विजेवर चालणारी महानगरे त्यांनी तरुणपणी पाहिली. पण आमच्या विषयाचे मूळ त्या दिव्यांत नाही. ते 1918 साली त्यांनी लिहिलेल्या, भारतातील लहान शेतजमिनींवरील एका निबंधात आहे. जमिनीचा तुकडा लहान आहे हा खरा रोग नव्हे, त्या तुकड्यावर भांडवल आणि अवजारे तोकडी व पोट भरणारी माणसे फार, हा रोग आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. यावर उपाय एकच, तो म्हणजे औद्योगिकीकरण. भूमिहीन आणि अल्पभूधारक समाजाच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल किती, हे रिसोडसारख्या कोरडवाहू तालुक्यात राहणाऱ्यांस सांगावयास नको.

पंचवीस वर्षांनी, 25 ऑक्टोबर 1943 रोजी, युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या सार्वजनिक बांधकाम व वीज समितीच्या अध्यक्षपदावरून बाबासाहेब बोलले, तेव्हा हाच धागा त्यांनी उचलला. शेतीवरील भार उद्योग कमी करतील आणि उद्योगांस वीज लागेल. ती केवळ स्वस्त असून भागणार नाही, विपुलही हवी, असा त्यांचा आग्रह होता. विजेची मालकी खासगी असावी की सरकारची, जबाबदारी केंद्राची असावी की प्रांतांची, आणि ती प्रांतांकडे राहिल्यास त्यांच्यात समन्वय कोणी साधावा, असे प्रश्न त्यांनी समितीपुढे क्रमाने ठेवले. तंत्रज्ञांच्या सभेत त्यांनी प्रथम मालकी आणि अधिकार यांची उकल मागितली, हे आम्हास फार अर्थपूर्ण वाटते.

त्या वेळची परिस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. मुंबईला टाटांची जलविद्युत 1915 पासून खोपोलीहून मिळत होती; पुढे भिवपुरी आणि भिरा येथील केंद्रे झाली. परंतु देशात ठिकठिकाणी लहान कंपन्या आपापल्या शहरापुरती वीज निर्माण करीत आणि एकाची वाहिनी दुसऱ्यास क्वचितच जोडलेली असे. खेडी तर हिशेबातच नव्हती. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशाची स्थापित क्षमता सुमारे 1362 मेगावॅट होती.

येथे विद्यार्थ्यांसाठी थोडे विषयांतर करतो. वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही; ज्या क्षणी जेवढी लागते, त्या क्षणी तेवढीच निर्माण करावी लागते. म्हणून एकटे केंद्र बंद पडले की त्याचे गाव अंधारात जाते. अनेक केंद्रे उच्चदाब वाहिन्यांनी एकमेकांस जोडली, तर एकाचा भार इतरांस उचलता येतो. पावसाळ्यात धरणाचे पाणी आणि उन्हाळ्यात कोळसा, अशी विभागणी करता येते. प्रत्येक केंद्रास स्वतंत्र राखीव यंत्रे ठेवावी लागत नाहीत, म्हणून खर्चही वाचतो. मात्र हे जाळे विणण्यापूर्वी कोठे किती मागणी वाढेल, कोणती वाहिनी अपुरी पडेल, याचा अंदाज काही वर्षे आधी बांधावा लागतो. तो बांधणारी यंत्रणा देशपातळीवर नव्हती. 1944 साली केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले, ते याच कामासाठी. 1945 साली जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग नेमला गेला. 1951 मध्ये वीज आणि पाणी ही दोन्ही कामे केंद्रीय जल व विद्युत आयोगाकडे एकत्र आली.

विजेचा विचार करताना कोळसा खणणारा माणूस बाबासाहेबांच्या नजरेआड झाला नाही. डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या कोळसा क्षेत्रात जाऊन ते स्वतः खाणीत उतरले आणि त्यांनी मजुरांच्या वस्त्या पाहिल्या. त्याच प्रदेशातून वाहणाऱ्या दामोदर नदीला त्या वर्षी मोठा पूर आला होता. 3 जानेवारी 1945 रोजी कलकत्त्याच्या परिषदेत आणि 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटकच्या परिषदेत त्यांनी प्रांतांच्या प्रतिनिधींसमोर एकच भूमिका मांडली: केवळ बांध घालून पूर अडवीत बसू नये, धरण बांधून तेच पाणी सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांसाठी वापरावे, नदी प्रांताची सीमा मानीत नाही, म्हणून योजनाही एका प्रांतापुरती नसावी. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा आदर्श समोर होता आणि तेथील अभियंता वूर्डविन यांस पाचारण करण्यात आले होते. दामोदरच्या आराखड्यात जलविद्युतेच्या जोडीला औष्णिक केंद्रही होते.

हल्ली काही लेखांतून राष्ट्रीय ग्रिड एकट्या बाबासाहेबांनी उभारले असे लिहिले जाते. असे लिहिणे आम्हास उचित वाटत नाही. आराखडे अभियंत्यांनी काढले, वाहिन्या पुढील पिढ्यांनी टाकल्या, खात्यातील अधिकाऱ्यांचाही वाटा होता. बाबासाहेबांनी त्यासाठी राजकीय दिशा दिली, संस्था उभ्या केल्या आणि प्रांतांना एका मेजाशी बसविले. एवढे श्रेय मोठे आहे; त्यास अतिशयोक्तीचे टेकू कशाला? या योजनांची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. दामोदरवरील आठ नियोजित धरणांपैकी आरंभीच्या टप्प्यात चारच झाली, आणि हिराकूड व दामोदर येथे विस्थापित झालेल्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते.

1948 साली वीज पुरवठा कायदा झाला आणि त्यातून राज्य विद्युत मंडळांचा मार्ग खुला झाला. ते विधेयक बांधकाम, खाण व वीज मंत्री काकासाहेब गाडगीळ यांच्या खात्याचे. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत वीज हा विषय समवर्ती सूचीत, 38 व्या क्रमांकावर आहे. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. महानदीवरील हिराकूड धरणाचे लोकार्पण 13 जानेवारी 1957 रोजी झाले.

त्यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगतो. 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. चंद्रपूरची वीज पडघ्यापर्यंत नेणारी सुमारे 752 किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी विदर्भाला मुंबईच्या परिसराशी जोडते. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी उत्तर, मग पूर्व आणि ईशान्य भारताचे जाळे कोसळले; बिना-ग्वाल्हेर वाहिनीवरील अतिभार हे त्यातील एक निमित्त होते. पश्चिम विभाग त्यातून बचावला. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे जोडले गेले आणि सारा देश एका वारंवारितेवर आला.

तरीही पैनगंगेच्या या खोऱ्यात हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी देण्यासाठी शेतकरी रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, आणि गावातली डीपी जळाली की ती बदलून येईपर्यंत पीक माना टाकते. जाळे देशभर पसरले, पण त्याच्या शेवटच्या टोकाला विपुलता अजून पोचलेली नाही. बाबासाहेबांची ती भाषणे महाराष्ट्र शासनाने 1991 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दहाव्या खंडात आहेत. दहावीच्या मुलामुलींनी त्यांतील 25 ऑक्टोबर 1943 चे भाषण शिक्षकांसोबत बसून वाचावे आणि त्यातला प्रत्येक प्रश्न आपल्या गावच्या डीपीला विचारून पाहावा.