तिबिर्य कैसर व त्याचे नाणे

कराविषयी पेचात धरावयास आलेल्या लोकांजवळ आपल्या प्रभूने एक नाणे मागितले व त्यावर मुखवटा कोणाचा असे विचारले, हा वृत्तांत आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. मुखवटा ज्याचा होता त्या पुरुषाविषयी मात्र फारशी माहिती आढळत नाही. बहुतेक पंडितांच्या मते ते तिबिर्य कैसराचे देनारियस होते: सुमारे पावणेचार ग्रॅम रुपे, एका बाजूस बादशहाचे मस्तक व तो देवपदास चढलेल्या औगुस्ताचा पुत्र असल्याचा लेख, दुसऱ्या बाजूस आसनावर बसलेली स्त्री.

तिबिर्य ख्रिस्तपूर्व ४२ साली जन्मला. तान्हा असतानाच यादवीमुळे आईबापांसह त्यास परागंदा व्हावे लागले. पुढे त्याची आई लिविया हिने फारकत होऊन ज्याच्याशी लग्न लावले, तोच औगुस्त बादशहा झाला. सावत्र बापाची चाकरी तिबिर्याने रणांगणावर इमानाने केली. विप्सानिया ह्या आपल्या स्त्रीवर त्याचे मनापासून प्रेम होते व तिच्यापासून त्यास पुत्रही झाला होता. परंतु ख्रिस्तपूर्व ११ साली बादशहाने राज्याच्या सोयीसाठी तिला टाकावयास लावून आपली विधवा कन्या युलिया त्याच्या गळ्यात बांधली. नंतर एकदा विप्सानिया दृष्टीस पडताच हा शूर सेनापती डोळ्यांत पाणी आणून तिच्याकडे एकटक पाहत राहिला. तेव्हा ती त्यास पुन्हा दिसू नये असा बंदोबस्त करण्यात आला! ह्या मनुष्याच्या अंतःकरणात कडूपणा शिरला तो येथूनच, असे आम्हांस वाटते.

इ. स. १४ साली, वयाच्या ५४ व्या वर्षी, तो गादीवर बसला. आरंभीचा कारभार वाईट नव्हता. वाजवीपेक्षा अधिक कर पाठविणाऱ्या सुभेदारास त्याने मेंढरांची लोकर कातरावी, कातडे सोलू नये, असे बजाविले. १७ साली आशियातील बारा नगरे भूकंपाने पडली, तेव्हा पाच वर्षांचा कर माफ केला. त्यांत सार्दीस व फिलदेल्फिया होती. प्रकटीकरणातील त्या मंडळ्या ह्याच नगरांतल्या.

२२ साली त्याने रोमच्या वरिष्ठ सभेस पत्र लिहून, स्त्रियांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्या देशांत जातो, अशी तक्रार केली. तो पैसा जात होता त्यांतला बराच हिंदुस्थानात! कोइमतूरकडे त्याच्या मुखवट्याची नाणी पुष्कळ निघाली आहेत. निजामाच्या पूर्वीच्या मुलखातील कोंडापूर येथे तर त्या नाण्यांचे मातीचे नमुने सापडले. आमच्या वाटेवरही ह्या व्यापाराच्या खुणा आहेत. चिंचवडहून लोकल गाडीने मळवलीस उतरून कार्ल्याच्या लेण्यांत जावे. तेथील खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत. महाराष्ट्रात रोमी रुपे फारसे मिळत नाही, कारण ते आटवून क्षत्रप राजांनी आपली नाणी पाडली असावी, असे विद्वान मानतात. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपान राजाची तेरा हजारांवर नाणी निघाली. त्यांवरील मस्तके रोमी धर्तीची आहेत. त्यांचा अभ्यास करून लेख लिहिणारे रेव्हरंड स्कॉट हे मिशनरीच होते.

२६ साली तिबिर्य रोम सोडून काप्री बेटावर जाऊन राहिला. एकुलता पुत्र आधीच मेला होता. ज्या सेजानावर राज्य सोपविले, तो घातकी असल्याचा संशय येऊन ३१ साली त्यास ठार करविले, आणि मग संशयास अंत राहिला नाही. राजद्रोहाच्या आरोपाखाली कितीक घराणी बुडाली. ह्याच वर्षांत त्याच्या पिलात नामक सुभेदाराने यरुशलेमेबाहेर वधस्तंभ उभारविला. बेटावरील म्हाताऱ्यास त्याची वार्ताही लागली नसावी. ३७ साली, ७७ वर्षांचा होऊन, तो मेला, तेव्हा रोमच्या लोकांनी आनंद केला.

त्याच्या नाण्यास मात्र मान राहिला. ६४ साली नेरोने नाण्यांतील रुपे कमी केले. तेव्हा आमच्याकडील व्यापारी जुनी, चोख नाणीच पसंत करीत.

जाता जाता मावळ व खेडकडील शेतकरी बंधूंस एक सूचना. नांगराच्या फाळास जुनी नाणी लागली तर ती सोनाराच्या मुशीत घालू नयेत. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरील किमतीचे भूमिगत धन सापडल्यास कलेक्टरास लेखी कळवावे लागते. नाणी घासूनपुसूनही नेऊ नयेत. अक्षरे झिजली म्हणजे मुखवटा कोणाचा हे ओळखणे अवघड होते.