एक हात भात्यावर, एक हात सुरांवर: कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबेंनी पेटीला गायला कसं लावलं?

डावा हात पोटावर गोल फिरवायचा आणि त्याच वेळी उजव्या हाताने डोक्यावर टपल्या मारायच्या. करून बघा. बहुतेकांचं काही सेकंदांत एकच होतं. एकतर दोन्ही हात गोल फिरायला लागतात, नाहीतर दोन्ही टपल्या मारायला लागतात.

यात तुमची चूक काहीच नाही. आपल्या मेंदूला दोन्ही हात एकाच लयीत हलवायला सोपं जातं. टाळ्या वाजवणं, कपडे पिळणं, दोरी ओढणं ही सगळी कामं तशीच तर असतात. म्हणून पियानो किंवा कीबोर्ड शिकायला बसलं की पहिली अडचण येते ती हातांची. उजव्या हाताला गाणं येतं, डाव्यालाही त्याचं काम येतं, पण दोघांना एकत्र बसवलं की सगळं विस्कटतं. मोठेपणी शिकणाऱ्यांना तर हे फारच जाणवतं, कारण कानाला चांगलं काय ते कळत असतं आणि हात मात्र ऐकत नसतात.

आपल्याकडे ही लढाई घराघरांत लढली गेली ती पेटीवर, म्हणजेच हार्मोनियमवर. आणि पेटीचा विषय निघाला की कोल्हापूरच्या गोविंद सदाशिव टेंबे यांचं नाव घ्यावंच लागतं.

पेटी आली कुठून?

हार्मोनियम हे मूळचं युरोपातलं वाद्य. 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी त्याचं पेटंट घेतलं. ते पायाने हवा भरून वाजवायचं वाद्य होतं, त्यामुळे पियानोसारखे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहायचे.

भारतात मात्र गवई खाली बैठकीवर बसतो. पायाने भाता मारणार कसा? 1875 च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी यावर उपाय काढला. भाता मागच्या बाजूला आला आणि तो डाव्या हाताने हलवायची सोय झाली. वाद्य लहान झालं, उचलून कुठेही नेता येऊ लागलं.

पण हातांची वाटणी बदलली. उजवा हात सुरांचा, डावा हात हवेचा. आणि हे दोन हात एकमेकांचं ऐकायला लागले की पेटी बिघडते. बोटं जलद चालली की भाताही जलद हलतो, बोटं थांबली की भाताही थांबतो. मग सूर हिसके खात येतो. चांगल्या वादकाचा भाता गाण्याच्या लयीशी बांधलेला नसतो. बोटं ठाय लयीत असोत की चौपटीत, हवा तेवढ्याच शांतपणे येत राहते.

गुरूशिवाय शिकलेला वादक

गोविंदरावांचा जन्म 5 जून 1881 चा. कोल्हापूरजवळचं सांगवडे हे त्यांचं गाव आणि कोल्हापूर ही त्यांची वाढण्याची जागा. पेटी त्यांना कुणी समोर बसवून रीतसर शिकवली नाही. त्यांनी ती ऐकून, करून आणि चुकून शिकली.

ऐकायला मात्र कोल्हापूरसारखं दुसरं शहर मिळालं नसतं. 1883 मध्ये इथे देवल क्लब सुरू झाला होता. गाण्यावर प्रेम करणारी मंडळी तिथे जमत, बैठकी होत. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारात जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ आले आणि शहराच्या कानाला वेगळंच वळण लागलं.

देवल क्लबने गोविंदरावांना गाण्याची वाट दाखवली. भास्करबुवा बखल्यांकडून त्यांना मार्गदर्शन मिळालं आणि बुवांच्या मैफलीत ते पेटीच्या साथीला बसू लागले. अल्लादियाखाँचा गंडा त्यांनी बांधला नव्हता, तरी ते त्यांना गुरूच मानत. पुढे खाँसाहेबांचं चरित्रही त्यांनी लिहिलं.

भास्करबुवांची साथ म्हणजे साधी परीक्षा नव्हती. गवई पुढची तान कुठे नेणार हे आधी ठरलेलं नसतं. साथीदाराला गळ्यातून सूर निघताच तो पट्टीवर पकडायचा असतो. म्हणजे उजवा हात गवयाच्या मागे, डावा हात भात्यावर आणि लक्ष सगळं कानात. हे जमायचं तर भात्याचा विचार करायची वेळच येता कामा नये. डावा हात श्वासासारखा आपोआप चालला तरच कान मोकळा राहतो.

पेटीला मींड येत नाही, मग?

पेटीची खरी अडचण वेगळीच आहे. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला मींड म्हणतात. पेटीत दोन पट्ट्यांच्या मधलं काहीच नसतं. एक सूर संपतो, दुसरा सुरू होतो. शिवाय सप्तकाचे बारा सूर कायमचे ठरलेले. एखाद्या रागात गंधार किंचित उतरलेला हवा असेल तर पेटी तो देऊ शकत नाही.

यावर वादकाच्या हातात दोनच उपाय असतात. एक, पुढची पट्टी दाबल्यावरच मागची अलगद सोडायची, म्हणजे मध्ये फट पडत नाही. दोन, भात्याचा दाब कमीजास्त करून सुराला गळ्यासारखी चढउतार द्यायची. थोडक्यात, डावा हात नुसता पंप मारत नाही, तोही गातो. गायकी अंगाने पेटी वाजवणाऱ्यांमध्ये गोविंदरावांचं नाव अग्रभागी घेतलं जातं.

मानापमान आणि त्यानंतर

12 मार्च 1911 रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने काकासाहेब खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ रंगमंचावर आणलं. चाली होत्या गोविंदरावांच्या. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग आणि रागदारी त्यांनी मराठी पदांत आणली. बालगंधर्वांच्या तोंडी त्या चाली महाराष्ट्रभर गेल्या.

1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. पेटीवाला आता मालकही झाला आणि नटही. ही भागीदारी फार काळ टिकली नाही. गोविंदराव बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी उभी केली.

पण त्यांच्या चाली त्यांच्यावाचूनही चालत राहिल्या. जुलै 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. एकीकडे बालगंधर्व, दुसरीकडे कोल्हापूरचेच केशवराव भोसले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात आजही गाजणारा तो प्रयोग टेंब्यांच्या संगीतावर उभा होता.

1932 मध्ये कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आणला. संगीत गोविंदरावांचं आणि राजा हरिश्चंद्रही तेच. तारामती होत्या दुर्गा खोटे. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, कॅमेऱ्यासमोर उभं राहून अभिनय करता करता गायचं. वयाच्या पन्नाशीत हा माणूस एक नवं माध्यम शिकत होता.

रेडिओने पेटी बंद केली

1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली. कारण तेच, ठरलेले सूर आणि न येणारी मींड. परदेशी वाद्य हा शिक्का होताच. ज्या वाद्यावर गोविंदरावांनी उमेद घालवली, ते सरकारी नभोवाणीच्या दृष्टीने हिंदुस्थानी संगीताला नालायक ठरलं.

आक्षेप खोटा नव्हता. अल्लादियाखाँची गायकी इतक्या जवळून ऐकणाऱ्याला पेटीच्या मर्यादा कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी त्यांचं काम रेडिओपासून तुटलं नाही. ‘महाश्वेता’ आणि ‘जयदेव’ या संगीतिका त्यांनी आकाशवाणीसाठी केल्या. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ या पुस्तकांतून आपला प्रवासही लिहून ठेवला. 9 ऑक्टोबर 1955 रोजी त्यांचं निधन झालं. पेटीवरची बंदी अंशतः उठली ती 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला. ते बघायला गोविंदराव नव्हते.

आज मोठेपणी शिकणाऱ्यांनी काय करायचं?

पेटी असो की पियानो, हात सुटे होण्याची वाट एकच आहे.

1. आधी डावा हात एकटा बसवा. पेटीवर फक्त ‘सा’ दाबून ठेवा आणि सूर न हलता किती वेळ टिकतो ते बघा. पियानोवर डाव्या हाताची साथ गप्पा मारता मारता वाजेल इतकी पक्की करा.

2. मग दोन्ही हात एकत्र आणा, पण चूक होणार नाही इतक्या संथ लयीत.

3. त्यानंतर फक्त एका हाताची लय बदला. भाता तसाच, बोटं मात्र ठाय, दुगुन, चौगुन. दुसरा हात डगमगला की लय पुन्हा कमी करा.

4. रोज थोडा वेळ बसा. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं जास्त कामाला येतात.

5. शेवटी कुणाच्या तरी गाण्याला साथ करा. लक्ष गाणाऱ्याकडे गेलं आणि तरीही भाता चालू राहिला, तर समजा हात सुटले.