बॉम्ब टाकण्याआधी तीन चकरा मारून कामगारांना पळू देणारा पायलट पुढं नागासाकीचा साक्षीदार झाला

७ मे २०२५. ऑपरेशन सिंदूरचा दिवस. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल ठेवली होती. सायरन वाजला की काय करायचं, दिवे कधी मालवायचे, कुठं आसरा घ्यायचा, याची रंगीत तालीम. महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत मुंबई, पुणे, नाशिक होतंच, पण खान्देशातलंही एक नाव होतं. भुसावळ.

आता शत्रूनं नकाशावर लाल खूण करावी असं भुसावळला आहे तरी काय? तर रेल्वेचं मोठं जंक्शन आहे. ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. जवळच दीपनगरचं वीज केंद्र आहे आणि थोडं पुढं गेलं की वरणगावची फॅक्टरी, जिथं बंदुकीच्या गोळ्या तयार होतात.

पण त्याच लाल खुणेच्या आत रेल्वेची क्वार्टर्स येतात, शाळा येतात, दवाखाने येतात, भरिताची वांगी विकायला बसलेल्या बायका येतात.

मग प्रश्न पडतो. शत्रूच्या फॅक्टरीवर बॉम्ब टाकणं आणि त्या फॅक्टरीच्या गावावर बॉम्ब टाकणं, हे एकच आहे का? फरक असेल तर तो पाळायचा कुणी? दिल्लीत किंवा लंडनमध्ये बसून हुकूम देणाऱ्यानं, की विमानात बसलेल्यानं?

या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला एक माणूस होऊन गेला. मुंबईत अंधेरीच्या महाकाली गुंफा रोडवर दिव्यांगांसाठी काम करणारं एक ‘चेशर होम’ आहे. त्या नावामागचा हा माणूस.

ग्रुप कॅप्टन लिओनार्ड चेशर.

चेशरचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ चा, इंग्लंडमधल्या चेस्टर गावातला. वडील ऑक्सफर्डला कायद्याचे नावाजलेले प्राध्यापक. पोरगाही ऑक्सफर्डलाच कायदा शिकला, पण त्याचं लक्ष विमानांकडं जास्त. विद्यापीठाच्या एअर स्क्वॉड्रनमध्ये तो उडायला शिकला आणि १९३९ ला युद्ध पेटलं तेव्हा रॉयल एअर फोर्समध्ये गेला.

नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनीच्या कलोन भागातल्या एका मोहिमेत त्याच्या विमानात तोफगोळा फुटला. बॉडीला भलंमोठं भोक पडलं, आत आग लागली. तरी त्यानं विमान इंग्लंडला परत आणलं. या कामगिरीसाठी डीएसओ हे मोठं शौर्यपदक मिळालं. १९४३ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी तो ग्रुप कॅप्टन झाला. ब्रिटिश हवाई दलात तेव्हा एवढ्या कमी वयाचा दुसरा ग्रुप कॅप्टन नव्हता.

तो नेमकं कोणतं युद्ध लढत होता, हे समजून घेण्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनला वाटत होतं की आपले बॉम्बर रात्रीत जाऊन कारखाने आणि रेल्वे यार्ड टिपतील. १९४१ मध्ये विमानातून काढलेले फोटो तपासले गेले आणि भ्रम फुटला. लक्ष्यावर हल्ला केल्याचा दावा करणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती. म्हणजे निशाणा भुसावळच्या फॅक्टरीवर धरायचा आणि बॉम्ब शिवारात कुठंतरी पडायचा.

यावर दोन उपाय होते. नेम सुधारायचा किंवा लक्ष्यच मोठं करायचं. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटननं दुसरा रस्ता धरला. शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः कारखान्यातल्या कामगारांचं मनोधैर्य मोडणं, असा उद्देश कागदावर आला. सोप्या भाषेत सांगायचं तर शहर हेच टार्गेट झालं. पुढं १९४३ ला हॅम्बुर्ग आणि १९४५ ला ड्रेस्डेन जळालं. अमेरिकेनं मार्च १९४५ मध्ये टोकियो जाळलं, ते याच विचाराचं पुढचं पाऊल होतं.

चेशर याच यंत्रणेतला अधिकारी होता. जर्मन शहरांवरच्या मोहिमांमध्ये तो होता, ते लपवायचं कारण नाही. पण दुसरा उपायही सुटू नये, नेम सुधारता येतो, यावर त्याचा भरवसा होता. ग्रुप कॅप्टनला खुर्चीतलं काम असतं. ते नको म्हणून त्यानं स्वतःहून एक हुद्दा खाली उतरून ६१७ स्क्वॉड्रनची कमान घेतली. जर्मनीची धरणं फोडणारी, डॅमबस्टर्स म्हणून गाजलेली ती हीच तुकडी.

मग आली फेब्रुवारी १९४४ मधली लिमोजची रात्र.

फ्रान्समधल्या लिमोज शहरात नोम-रोन कंपनीचा कारखाना होता. जर्मनांच्या ताब्यात गेल्यापासून तिथं त्यांच्यासाठी विमानांची इंजिनं बनत होती. पण रात्रपाळीला कामावर असायच्या शेकडो फ्रेंच कामगार, त्यातल्या बहुतेक बायका. आजूबाजूला वस्ती. फ्रान्स मित्रदेश, त्यामुळं फ्रेंच माणसं मरता कामा नयेत अशी ताकीद होती.

चेशर आपलं लँकेस्टर विमान घेऊन एकदम खाली आला, अगदी छपरांना लागेल इतका. बॉम्ब न टाकता कारखान्यावरून एक चक्कर मारली. मग दुसरी. मग तिसरी. त्या आवाजानं कामगार जागे झाले नसते तरच नवल. लोक बाहेर पळाले. चौथ्या फेरीला त्यानं कारखान्याच्या छपरावर आग लावणारे बॉम्ब टाकून खूण केली आणि मागच्या विमानांनी त्या उजेडावर आपले बॉम्ब सोडले. कारखाना उद्ध्वस्त झाला. जीवितहानी जवळपास झालीच नाही.

ही गोष्ट ऐकायला भारी वाटते, पण तिची किंमत काय होती ते बघा. युद्धात विमानाचं सगळ्यात मोठं शस्त्र म्हणजे अचानक येणं. ते चेशरनं स्वतःहून टाकून दिलं. एवढ्या खालून उडणाऱ्या विमानाला साधी मशीनगनही पाडू शकते. खालच्या अनोळखी बायकांचा धोका कमी करण्यासाठी त्यानं तो स्वतःच्या आणि आपल्या क्रूच्या अंगावर घेतला.

पण याच माणसानं एप्रिल १९४४ मध्ये म्युनिकवर मॉस्किटो विमानातून असाच जीव धोक्यात घालून नेम दाखवला. खूण अचूक होती. मात्र त्या खुणेवर दोनशेहून जास्त लँकेस्टर विमानं आली आणि रेल्वे यार्डांबरोबर शहरही जळालं. म्युनिकच्या लोकांना पळायला कुणी वेळ दिला नव्हता. लिमोजमध्ये मित्र राहत होते, म्युनिकमध्ये शत्रू.

१०० मोहिमा झाल्यावर चेशरला विमानावरून उतरवलं गेलं. सप्टेंबर १९४४ मध्ये त्याला ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालं. ते कुठल्या एका पराक्रमासाठी नव्हतं, चार वर्षांच्या सलग शौर्यासाठी होतं.

नंतर त्याला अमेरिकेला पाठवलं गेलं आणि ९ ऑगस्ट १९४५ ला तो जपानच्या आकाशात होता. अणुबॉम्बच्या मोहिमेवर ब्रिटनचा अधिकृत निरीक्षक म्हणून, शास्त्रज्ञ विल्यम पेनी यांच्यासोबत. वय २७.

त्या दिवशीचं पहिलं लक्ष्य कोकुरा होतं. तिथं काही दिसेना म्हणून बॉम्ब घेऊन चाललेलं विमान नागासाकीकडं वळलं. चेशरचं विमान ठरलेल्या जागी इतर विमानांना भेटूच शकलं नाही. त्यामुळं सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी झालेला स्फोट त्यानं जवळून पाहिला नाही. त्याला दिसला तो लांबून, वर वर चढत जाणारा ढग.

त्या ढगाखाली काय होतं?

ठरलेली जागा चुकून बॉम्ब उराकामी या भागावर फुटला. त्याच्या एका बाजूला मित्सुबिशीचा पोलाद आणि शस्त्रांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला टॉर्पेडो बनवणारी ऑर्डनन्स फॅक्टरी. आणि मध्ये जपानमधली सगळ्यात जुनी आणि मोठी कॅथलिक वस्ती.

जपानमध्ये ख्रिस्ती धर्म नेला तो सेंट फ्रान्सिस झेवियर यांनी, १५४९ मध्ये. तेच झेवियर, ज्यांचं शव जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकेत आहे. ते जपानला निघाले होते गोव्यातूनच. पुढं जपानमध्ये या धर्मावर बंदी आली. उराकामीच्या लोकांनी दोनशेहून जास्त वर्षं, पिढ्यान्‌पिढ्या लपून आपली श्रद्धा जपली. बंदी उठल्यावर त्यांनी मोठं कॅथेड्रल बांधलं. स्फोटाच्या केंद्रापासून ते साधारण ५०० मीटरवर होतं. उराकामीतल्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० च्या आसपास मेले. वर्षअखेरपर्यंत अख्ख्या नागासाकीतल्या मृतांचा आकडा ७०,००० च्या आसपास गेला.

चेशर तेव्हा कॅथलिक नव्हता. खरं तर फार धार्मिकही नव्हता.

जानेवारी १९४६ मध्ये त्यानं हवाई दल सोडलं. माजी सैनिकांची एक वसाहत काढून पाहिली, ती बुडाली. हँपशायरमधला ‘ल कोर्ट’ नावाचा मोठा वाडा आणि कर्ज एवढंच उरलं. १९४८ मध्ये एका हॉस्पिटलमधून निरोप आला. वसाहतीत पूर्वी काम करणारा आर्थर डाइक्स कॅन्सरनं मरायला टेकला होता आणि त्याला ठेवून घ्यायला कुणी नव्हतं. चेशर त्याला घरी घेऊन आला. अंघोळ घालणं, बेडपॅन काढणं, सगळं स्वतः केलं. ऑगस्टमध्ये आर्थर गेला. त्याच्या शेवटच्या दिवसांत आणि त्यानंतर चेशर कॅथलिक धर्माबद्दल वाचत गेला आणि १९४८ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी त्यानं तो धर्म स्वीकारला.

तोवर ल कोर्टमध्ये आणखी आजारी माणसं येऊन राहिली होती. चेशर होमची सुरुवात ही अशी झाली, कुठलाही प्लॅन नसताना.

मध्ये टीबीनं त्याला दोन वर्षं अंथरुणाला खिळवलं. त्यातून उठल्यावर तो भारतात आला आणि १९५६ मध्ये अंधेरीला ‘बेथलेहेम हाउस’ सुरू झालं. ब्रिटनबाहेरचं हे पहिलं चेशर होम. ५ एप्रिल १९५९ ला त्यानं मुंबईतच स्यू रायडर यांच्याशी लग्न केलं. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या लोकांसाठी आयुष्य दिलेली ही बाई. त्याच वर्षी दोघांनी डेहराडूनला कुष्ठरोग्यांसाठी आणि निराधारांसाठी ‘राफेल’ ही संस्था उभी केली.

इथं आपल्याला वाटतं की नागासाकी बघून त्याला पश्चात्ताप झाला आणि म्हणून तो सेवेला लागला. सोशल मीडियावर त्याची गोष्ट अशीच फिरू शकते. पण ती खरी नाही.

चेशर शेवटपर्यंत म्हणत राहिला की अणुबॉम्बनं युद्ध लवकर संपवलं आणि त्यामुळं वाचलेले जीव जास्त होते. जपानवर जमिनीवरून चढाई झाली असती तर आणखी किती माणसं मेली असती, हा त्याचा मुद्दा. अण्वस्त्रविरोधी चळवळीत तो कधी गेला नाही. धाक म्हणून अण्वस्त्रं ठेवायला त्याचा पाठिंबा होता. १९८५ मध्ये त्यानं यावर ‘द लाइट ऑफ मेनी सन्स’ हे पुस्तकही लिहिलं.

पण ज्या धर्मात तो गेला, त्याचं म्हणणं वेगळं होतं.

कॅथलिक परंपरा युद्धच करू नका असं म्हणत नाही. सेंट ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस यांच्यापासून न्याय्य युद्धाचा विचार तिथं आहे. पण त्याला अटी आहेत. भुसावळचंच उदाहरण घ्या. शत्रूनं फॅक्टरीवर नेम धरला, काळजी घेतली, तरी शेजारचं एक घर पडलं. हे नुकसान दिसत होतं, पण ते हवं होतं असं नाही, आणि फॅक्टरीच्या महत्त्वापुढं ते बेसुमार नसेल तर असा हल्ला क्षम्य ठरू शकतो. आता दुसरा प्रकार. कामगारांनी घाबरून काम सोडावं म्हणून त्यांच्या क्वार्टर्सवरच बॉम्ब टाकला. इथं पोराबाळांचं मरण हेच साधन झालं. परंपरेच्या मते हे कुठल्याही कारणानं चालत नाही, मग युद्ध कितीही न्याय्य असो.

१९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, जॉन फोर्ड या अमेरिकन जेझुइट फादरनी शहरं भाजून काढण्याविरुद्ध लेख लिहिला. आधुनिक युद्धात कुणी निष्पाप नसतं, सगळेच युद्धाला हातभार लावतात, हा दावा त्यांनी खोडला. शहरात राहणाऱ्या साध्या माणसांच्या धंद्यांची लांबलचक यादीच त्यांनी दिली. १९५६ मध्ये ऑक्सफर्डनं हॅरी ट्रुमन यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं, तेव्हा एलिझाबेथ अ‍ॅन्सकम या कॅथलिक तत्त्वज्ञ बाईंनी उघड विरोध केला. युद्ध संपवण्यासाठी निरपराध माणसं ठरवून मारणं हा खूनच, असा त्यांचा युक्तिवाद. जास्त जीव वाचले हा हिशेब त्यांना मान्यच नव्हता. आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं अख्खी शहरं सरसकट नष्ट करणं हा देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध गुन्हा ठरवला.

म्हणजे गंमत अशी की चर्चचा नियम चेशरच्या मताविरुद्ध जातो आणि चेशरनेच लिमोजला केलेल्या कृतीच्या बाजूनं उभा राहतो. फरक एवढाच की चर्चच्या नियमात लिमोजच्या बायका आणि उराकामीच्या बायका सारख्याच असतात, मग त्यांचा देश कुणाच्याही बाजूचा असो.

चेशरनं हा पेच सोडवला नाही. १९८९ मध्ये त्यानं विसाव्या शतकातल्या युद्धांत मेलेल्या प्रत्येक माणसामागं पाच पौंड जमवून आपत्तीग्रस्तांसाठी निधी उभारायची मोहीम काढली. १९९१ मध्ये तो लॉर्ड झाला. ३१ जुलै १९९२ ला, मोटर न्यूरॉन आजारानं शरीर लुळं पडत गेलेला चेशर वारला. जशा माणसांसाठी त्यानं घरं उभारली होती, शेवटी तसाच तोही झाला होता.

आज क्षेपणास्त्रं आणि ड्रोन आहेत. नेम चुकतो हे कारण आता १९४१ इतकं चालत नाही. तरी युद्धाच्या बातम्यांत पडलेल्या इमारती दिसतात आणि कमेंटमध्ये कुणीतरी लिहितंच, की तिथं सगळे तसलेच राहतात. फोर्ड यांनी १९४४ मध्ये खोडून काढलेला दावा तो हाच. तो पुन्हा दिसला तर भुसावळची ती लाल खूण आठवायला हरकत नाही.